तात्यांचं तुळशीपत्र

घरघर लागली तसं हेरंबने वडिलांच्या तोंडात गंगाजल घातलं आणि तुळशीचं पान ठेवलं. थोड्याच वेळात वामनतात्या उठून बसले.

“परत?” तात्या रडवेले झाले. “अरे, जाऊ द्या की मला!”

नॅनोखतामुळे तुळशीतलं औषध शेकडो पटींनी वाढलं होतं. खताचे कण वाऱ्यापाण्याने पसरले आणि गावात साधी तुळस उरलीच नाही. पान जिभेला लागलं की मरणारा माघारी यायचा. तात्यांचा हाडांचा कॅन्सर मात्र तसाच राहायचा, दुखण्यासकट.

“या वेळी पानच नको ठेवायला,” त्यांची लेक शरयू म्हणाली.

“तुळशीपत्राशिवाय जाऊ? मी काय बेवारशी आहे?” तात्या कण्हत ओरडले.

नागपूरहून आलेल्या आत्याने पुन्हा परतीची बॅग भरली. “नक्की झालं की मगच कळवा हो.”

पुढच्या घरघरीला शरयूने शेजारच्या प्रधानकाकूंच्या दिवाणखान्यातल्या प्लास्टिकच्या तुळशीचं पान खुडून आणलं. तात्यांनी ते जिभेने चाचपलं आणि लेकीकडे पाहिलं.

“वास नाही गं याला.”

“तुळसच आहे, तात्या.”

“हो, हो. तुळसच आहे,” म्हणत त्यांनी तोंड घट्ट मिटून घेतलं.

तेराव्यानंतर शरयू, तात्यांना नेण्याआधी तोंडातून काढून ठेवलेलं ते पान धुऊन परत द्यायला गेली. प्रधानकाकूंच्या दाराबाहेर रांग लागली होती आणि कुंडीत नुसत्या काड्या उरल्या होत्या. रांगेतल्या पहिल्या बाईने शरयूपुढे हात पसरला.