अंधाराचा बेत
बायकोच्या चपला जिन्यात वाजल्या तसा इलेक्ट्रिशियन नवऱ्याने घराचा मेन स्विच खाली ओढला. लग्नाचा वाढदिवस, टेबलावर दोन ताटं, दोन मेणबत्त्या आणि घर काळंकुट्ट, असा त्याचा बेत होता. ती दारातच हरखून थबकली, आणि आतल्या खोलीत त्याच्या सासऱ्यांचं ऑक्सिजनचं मशीन किंचाळायला लागलं. कुठलाही मेन पाडण्याआधी ‘लाइनवर काय चालू आहे?’ विचारणारा हा पठ्ठ्या स्वतःच्या घरी तेवढंच विसरला होता. मेणबत्ती घेऊन तो आत धावला. “अरे, ऑक्सिजनजवळ आग नेतोस? मेन लाव!” बायको अंधारातच आत घुसली. त्याने चाचपडत मेन लावला. मशीन घुरघुरलं, पण सासरे बोलेनात. “बाबा! ओ बाबा!” बायकोने त्यांना हलवलं. मग दमलेला आवाज, “जावईबापू, प्रेम लाइट लावूनही होतं हो!” बायको हसली. त्याचा हात मात्र मेनवरून निघेना.