एक नंबरचं बटण

शांती नगरातल्या अंबिकाच्या घरी शनिवारी टीव्हीचा मीटर तपासायला कंपनीची मुलगी आली; टीव्ही बघताना घरातल्या प्रत्येकाने त्यावरचं आपल्या नंबरचं बटण दाबायचं असे.

"कोण काय बघतं, त्यावरूनच चॅनेलवाले रात्री आठला काय लावायचं ते ठरवतात, काकू. म्हणून विचारते, दुपारी एक नंबरचं बटण चुकून दाबलं जातंय का?"

अंबिका हसली. "एक नंबर आमचे हे. आपलं बटण दाबल्याशिवाय टीव्ही बघणार नाहीत, इतके सरळ! पण दुपारी ते ऑफिसात, मी शाळेत. घराला कुलूप. तुमचं मशीनच बिघडलंय."

"मागच्याच महिन्यात नवीन बसवलंय, काकू. आणि शनिवार-रविवार सोडून रोज दुपारी दाबलं जातंय."

त्या वेळी कोणती मालिका लागते, ते अंबिकाने तिच्याकडून विचारून घेतलं.

संध्याकाळी शशिकांत रिकामा डबा घेऊन घामाघूम होऊन आला. "शनिवारीसुद्धा मान वर करू देत नाहीत!"

तिने चहा पुढे ठेवला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "दुपारी ती नवी मालिका लागते ना, तिच्यातल्या सुनेचं काय झालं हो?"

"काय होणार! कालच सासूने घराबाहेर काढलं तिला," शशिकांत बोलून गेला.

अंबिकाने रिकामा डबा बाजूला सरकवून विचारलं, "नोकरी जाऊन किती दिवस झाले हो?"