खुर्ची फिरायला निघते

बाबांनी पान तिच्याकडे सरकवलं आणि हात लगेच शालीखाली घेतला. "बघ बाई, जमलंय का."

पानावर खुर्ची होती. घरातले सगळे झोपले की जिना उतरून फिरायला जाणारी, तीच. गेली कित्येक वर्षं ती बाबांच्या चित्रकथांमधून हिंडत होती. ओस बाजारातून, गच्च्यांवरून, एकदा तर ढगांत पाय बुडवून. पण या पानावर तिचे चारही पाय लटपटत होते. रेघ जागोजाग सुटली होती.

"जमलंय," ती म्हणाली.

"हात ऐकत नाही गं आता. पण तू म्हणतेस तर असेल."

मोठ्या वर्तमानपत्रांनी बाबांना कधी जवळ केलं नव्हतं. यात हसायचं कुठे, असं एका संपादकाने विचारलं, तेव्हा बाबा म्हणाले होते की मलाही अजून ती जागा सापडलेली नाही. मग ते स्वतःच पानांच्या झेरॉक्स काढून, मध्ये पिना मारून पुस्तिका विकत राहिले. वाचक मूठभर, पण जीव लावणारे. आई होती तोवर पिना मारायचं काम तिचं. खुर्ची जग हिंडून आली आणि आमचं बूड काही इथून हललं नाही, असं ती म्हणायची.

लहानपणी लेकही बाबांच्याच टेबलाच्या कोपऱ्यावर चित्रं काढायची. ठमीच्या रेघेला घाई नसते, असं बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. पुढे चित्रकला शिकायला गेली, तर तिथल्या सरांनी तिची चित्रं चाळून एवढंच म्हटलं, "हे तर तुझ्या वडिलांचंच." तिने पेन खाली ठेवलं ते ठेवलंच. शाळेच्या पुस्तकांच्या कचेरीत ती छापील पानांचे समास तपासू लागली. बाबांनी त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही.

आणि आता, एका प्रकाशिकेने चक्क आपणहून मोठं पुस्तक मागितलं होतं, तर हात गेला होता.

स्कॅन करून आणते असं सांगून तिने ते पान स्वतःच्या घरी नेलं. खालून दिवा असलेल्या काचेवर ठेवलं, वर कोरा कागद पसरला, आणि त्या थरथरीच्या आत कुठेतरी असलेली खरी रेघ शोधून काढली. तेच पान तिने पुढे पाठवलं. प्रकाशिकेला फरक कळला नाही. बाबांना कळता कामा नये, एवढाच तिला घोर होता. उभ्या जन्मात त्यांनी दुसऱ्याचा एक ठिपका आपल्या पानावर पडू दिला नव्हता. हे समजलं असतं तर ते मोडून पडले असते.

मग रोज कचेरी सुटली की ती बाबांकडे जायची, नवं पान घेऊन परतायची.

पानं हळूहळू रिकामी होत गेली. आधी झाडं काढायची राहिली, मग रस्ते. काय काढलं, काय राहिलं हे बाबांच्या ध्यानात राहत नसावं, असं तिने धरलं. समासात पेन्सिलीने, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं: इथे धुकं. इथे घरं एकमेकांना टेकून झोपलीत. एकदा अख्खं पान कोरंच आलं. कोपऱ्यात फक्त एक ओळ: तिला जिकडे जायचंय तिकडे जाऊ दे.

तिने जाऊ दिलं. खुर्ची नदीत उतरली. पाण्याखाली खिडक्या होत्या, खिडक्यांत दिवे, आणि प्रत्येक दिव्याजवळ कुणीतरी उभ्या उभ्या पेंगत होतं. दुसऱ्या दिवशी समास तपासतानाही तिच्या बोटांत ते पाणी हलत राहिलं.

पुस्तक छापून आलं, तेव्हा बाबांनी ते भिंगाखाली धरून दुपारभर पाहिलं. ती जीव मुठीत धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"ठमे," शेवटी ते म्हणाले, "असलं माझ्या हातून आजवर झालं नव्हतं."

हे कौतुक होतं की आणखी काही, ते तिला उमगलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. आणि काही दिवसांनी बाबा झोपेतच गेले.

माणसं भेटायला येत राहिली, पुस्तकाबद्दल बोलत राहिली. शेवटच्या पुस्तकात त्यांची रेघ पुन्हा तरुण झाली म्हणत. ती मान हलवायची. बाबांना कळलं होतं का, कळून ते आतल्या आत दुखावले होते का, हा काटा काही निघत नव्हता.

एका दुपारी गल्लीच्या टोकाचा घड्याळवाला आला. तिची त्याच्याशी नुसती तोंडओळख. चपला दाराशी काढून तो टेकला. मग म्हणाला, बाबा नाहीत तर दुकान उघडवत नाही. गेलं वर्षभर ते रोज सकाळी त्याच्याकडे येऊन बसायचे.

हे तिला ठाऊक नव्हतं. ऐकून बरं वाटलं. हात गेल्यावरही माणूस कुठेतरी रमला होता.

"तुमचे उपकार आहेत," ती म्हणाली. "त्या थरथरत्या हातांना तुम्ही सांभाळून घेतलंत."

घड्याळवाल्याने चष्मा काढून पुसला.

"काहीतरीच काय, ताई. नजर माझी गेलीय. घड्याळातल्या केसाएवढ्या स्प्रिंगा वर्षभर त्यांचेच हात तर बसवत होते."