तलावावरून फोन

लेकीच्या गणवेशाला इस्त्री करत असतानाच तिला जुन्या साहेबांचा फोन आला. तलावातला राक्षस पुन्हा वर आला होता, नव्या शिकाऱ्यांपैकी दोघे दवाखान्यात होते, आणि त्याला भिडून जिवंत परतलेली ती एकटीच होती.

"राक्षस मारणं मी सोडलंय, किती वेळा सांगू?" म्हणत तिने फोन ठेवला. तोवर गणवेशाची बाही करपली होती.

"जायचा विचारसुद्धा करू नकोस," नवरा म्हणाला. "लग्नाआधीच ठरलं होतं आपलं. आणि उद्या पोरीची परीक्षा आहे."

"मी जाते म्हटलंय का?" तिने इस्त्री आपटली. राग नक्की कुणाचा येतोय, हे तिचं तिलाच कळेना.

रोज सुनेच्या कामात खोट शोधणाऱ्या सासूबाईंनी त्या जुन्या कामाबद्दल मात्र आजवर चकार शब्द काढला नव्हता. आज दुखऱ्या गुडघ्यांनी माळ्यावर चढून त्यांनीच तिचा भाला खाली आणला.

"जा तू. पोरीचं मी बघते," त्यांनी भाला तिच्या हातात दिला. "आणि या वेळी अर्धवट सोडून येऊ नकोस."

"आई, तुला वेड लागलंय का?" नवरा ओरडला.

सासूबाई लेकाजवळ जाऊन बसल्या.



"तुझे बाबा त्या तलावात पोहताना बुडाले, असं मी तुला सांगत आले. ते बुडाले नव्हते रे."