जोडातली फुसफुस

बाबांच्या गॅरेजमध्ये इंजिनचं काम होऊन आठवडा उलटत नाही तोच टॅक्सीच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा पेटला. स्कॅनरने कोड दाखवला: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर शुद्ध करणारा महागडा डबा, खराब. “कन्व्हर्टरच बदलावा लागेल,” बाबा ठासून म्हणाले. दारात उभ्या टॅक्सीवाल्याचा चेहरा खर्रकन उतरला. लांब स्क्रूड्रायव्हर कानाला लावून बाबांनी धुराच्या नळीचे सगळे जोड तपासले होते, आणि त्या कानांनी आजवर कधी दगा दिला नव्हता. त्यांची मुलगी चालू इंजिनवर वाकली आणि तिला स्पष्ट ऐकू आलं. बाबांनीच आवळलेल्या जोडातून हवा फुसफुसत होती. कन्व्हर्टर धडधाकट होता, गळतीच सेन्सरला चकवत होती. तिने बाबांचा हात जोडाजवळ धरला. “आवाज अजिबात नाही बाबा, हाताला झोत लागतोय का बघा.” “नाही कसा?” टॅक्सीवाला दारातून ओरडला. “मला इथवर ऐकू येतोय!” बाबांनी मुलीच्या तोंडाकडे पाहिलं. “काय म्हणतोय गं तो?”