व्रणाचा फोटो

“अश्लील? माझा व्रण अश्लील?” शैलजाने मोबाईल परवीनपुढे आदळला. स्तनाच्या कॅन्सरमधून उठलेल्या बायकांचा ऑनलाइन गट ती चालवत होती. ऑपरेशनला घाबरणाऱ्यांना धीर यावा म्हणून तिने आपल्या सपाट छातीचा फोटो टाकला होता. ते नेटवर्क चालवणाऱ्या कंपनीने तो अश्लील ठरवून काढून टाकला. त्याच गटात घुसलेल्या एका पुरुषाने लिहिलेली घाण मात्र तक्रार करूनही तशीच होती. ‘नियमभंग नाही,’ म्हणे!

“दुसरं एक नेटवर्क आहे,” कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारी परवीन म्हणाली. “त्याला एकच मालक नाही. आपला सर्व्हर आपण चालवायचा, नियमही आपलेच.”

“आणि बायका आल्या नाहीत तर?”

“तर आपण दोघी.”

जुन्या गटावर शैलजाने नवा पत्ता दिला आणि लिहिलं, ‘माझ्या व्रणाची ज्यांना लाज वाटते, त्यांच्या दारात मी उभी राहणार नाही.’ नव्या जागी तिने पहिला तोच फोटो लावला.

आठवडाभर कोणी फिरकलं नाही. मग जालन्याच्या एका बाईने विचारलं, “ताई, सोमवारी माझं ऑपरेशन आहे. तोवर हा फोटो कोणी काढणार नाही ना?”

“काढायचा हक्क फक्त मला आहे,” शैलजाने लिहिलं. “आणि मी मेले तरी काढणार नाही.”