वरचा गट

“तुझं बोलणं झालं की लगेच मतदान,” डॉ. कार्व्हर लायलच्या कानाशी म्हणाल्या. त्या कॉलेजच्या प्रमुख. “घाबरू नकोस. फायनलचं सांगायचं, बस.”

लायल ऑस्टबी घाबरलेलाच होता. महिना झाला, त्याची भीती काही जात नव्हती. आज सकाळी दाढी करताना समोरच्या वस्तूला काय म्हणतात ते त्याला आठवेना. आरसा. शब्द सापडेपर्यंत गालावरचा फेस सुकला होता.

व्यायामशाळेच्या वरच्या खोलीत लांब टेबलाभोवती कॉलेजचे अकरा विश्वस्त बसले होते. खिडकीबाहेर डाकोटातला फेब्रुवारी. मैदान बर्फाखाली गेलेलं. सहा वर्षांत चार वेळा अजिंक्यपद आणलेल्या ब्रॅनहोम कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाला वरच्या गटातून बोलावणं आलं होतं. जायचं की नाही, ते आज ठरायचं होतं. नको म्हणणारा माणूस एकच होता, आणि तो संघाचा कोच होता.

“वर माणसं नाहीत, रेडे आहेत,” कोच प्रुइट सांगत होते. “आमच्या पोरांची डोकी फुटतील.”

“मग आतापर्यंत काय उशांशी खेळत होता?” ट्रॅक्टरवाले लिंडेल म्हणाले. विश्वस्तांत त्यांचाच आवाज मोठा. “इथे फुटलं का कोणाचं डोकं?”

कोच खिडकीबाहेर बघू लागले.

“नाही ना? मग घोडं पेंड खातंय कुठे? सरळ सांगा ना कोच, हरायची भीती वाटतेय.”

दोघंतिघं हसले. लायलला कोचबद्दल वाईट वाटलं. या माणसानं त्याच्या घरी येऊन, आईच्या हातची बटाट्याची हॉटडिश दोनदा मागून घेतली होती आणि निघताना शब्द दिला होता, पोराला जपेन म्हणून. सहा आठवड्यांपूर्वी फायनल जिंकून लायलनं त्यांना चौथं अजिंक्यपद मिळवून दिलं. त्या दिवसापासून कोच त्याच्याशी नीट बोलले नव्हते. आपलं काहीतरी चुकलं असावं, एवढंच लायलला वाटत होतं.

“आता आपल्या कॅप्टनकडून ऐकू या,” डॉ. कार्व्हर म्हणाल्या.

लायल उभा राहिला. सगळं त्याला तोंडपाठ होतं. “शेवटचं दीड मिनिट उरलं होतं,” त्यानं सुरुवात केली. “आम्ही चार गुणांनी मागे होतो. मी चेंडू घेतला आणि डावीकडून निघालो. एकाला चुकवलं. दोघं पाठीला लटकले, त्यांना ओढत मी रेषेपार गेलो.”

टाळ्या पडल्या. एक बाई डोळे पुसू लागल्या.

“अरे, पण त्याच्या आधीचं सांग,” लिंडेल पुढे झुकून म्हणाले. “हेल्मेटला हेल्मेट लावून तू पोरांना काहीतरी म्हणालास. टीव्हीवर दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. सहा आठवडे मी बायकोशी पैज लावून बसलोय. काय म्हणालास?”

लायलनं तोंड उघडलं. आत काहीच नव्हतं. त्या फायनलचा व्हिडिओ त्यानं चाळीसेक वेळा पाहिला होता. आठवायला गेलं की त्याला स्वतःची पाठ दिसायची, वरून, कॅमेऱ्यातून दिसते तशी.

काहीही ठोकून दिलं असतं तरी चाललं असतं. ‘आईसाठी जिंकू’ म्हटलं असतं तरी खोली पुन्हा टाळ्यांनी भरली असती. मग सगळे हात वर झाले असते आणि सप्टेंबरात तो त्या रेड्यांसमोर उभा राहिला असता. खरं सांगितलं तर खेळ संपला, शिष्यवृत्ती संपली, कदाचित कॉलेजही. त्यानं टेबलाची कड धरली. सकाळचा आरसा त्याच्या डोळ्यांसमोर आला. पुढच्या वर्षी अशाच एखाद्या सकाळी त्यात दिसणाऱ्या माणसाचं नाव आठवलं नाही तर?

“मला माहीत नाही,” तो म्हणाला.

“म्हणजे? विसरलास?”

“मला ती फायनल आठवतच नाही, सर. दुसऱ्या क्वार्टरमध्ये डोकं आपटलं. त्याच्यापुढचं काहीच नाही. आता सांगितलं ते व्हिडिओ बघून पाठ केलंय. अजूनही शब्द सापडत नाहीत. रात्री दिवा लावला की डोकं दुखतं.”

लिंडेल हळूहळू मागे टेकले.

“आणि हे तू लपवलंस?” डॉ. कार्व्हरनी विचारलं. “डॉक्टरांपासूनसुद्धा?”

“सगळ्यांपासून. कोचना तर मुळीच माहीत नाही. त्यांना काही बोलू नका.”

त्या दिवशी मतदान झालंच नाही. वरच्या गटाला नकाराचं पत्र गेलं. ऑस्टबीच्या पोरानं सगळं बुडवलं, असं गाव पुढे बरेच दिवस म्हणत राहिलं. पण लायलच्या बोलण्यानं बैठक मोडली नव्हती. ते ऐकूनही लिंडेल सावरले होते. एका पोराच्या अपघातावरून एवढा निर्णय फिरवायचा का, असं ते म्हणूही लागले होते. तेवढ्यात कोच प्रुइट उठले. ते लायलकडे बघत होते. फायनलनंतर पहिल्यांदाच.

“खाली बस, पोरा,” ते म्हणाले. “मध्यंतरात तू मला विचारलं होतंस, आज आपण कोणाशी खेळतोय. मी तुला त्यांचं नाव सांगितलं आणि परत मैदानात पाठवलं.”